निळा टँकर

असरच्या नमाजानंतर दफन करायचं ठरलं.
मुनाफचं दोह्याचं विमान मस्कतला बाराला उतरणार,
तिथून सूर दोन तास,
रस्त्यात उंट आडवे आले नाहीत तर.
तस्नीमला कुवेतहून व्हिसाच नाही मिळाला.
तिनं एक फोटो पाठवला,
ती सहा महिन्यांची, बाबांच्या खांद्यावर.
खाली काही लिहिलं नाही.

गुसल द्यायला पुरुष आत गेले.
मी दाराबाहेर परातीत
बोरीचा पाला खुडत बसले.
इथल्या बोरी आपल्यासारख्याच,
काटे तेवढे लांब.
आतून पाणी ओतल्याचा आवाज आला
आणि वाटलं, बाबा आता ओरडतील,
तांब्या भरून कशाला, अर्धा पुरे की.

एकतीस वर्षं त्यांनी गोडं पाणी वाहिलं.
हिरवा टँकर झाडांचा, पिवळा घाणीचा,
निळा पिण्याचा,
हे त्यांनी मला पत्रातून शिकवलेलं,
रंगीत पेन्सिलींनी,
निळी कमी पडली तेव्हा बॉलपेनानं.
"आपण खाडीची माणसं," खाली लिहिलेलं,
"फिरून फिरून खाडीतच आलो."

तेव्हा आय पहाटे तीनला उठून
कोंडवलीच्या झऱ्यावर हंडा रांगेला लावायची.
समोर भरतीची खाडी, काठोकाठ,
एक घोट उपयोगाची नाही.
मग बाबांच्या पैशांनी विहीर झाली.
पहिल्या साली गोडी. दुसऱ्या साली मचूळ.
तिसऱ्या साली आयनं लिहून घेतलं माझ्याकडून,
विहीर बरी आहे, काळजी नसावी.
बाबांना ते शेवटपर्यंत खरं वाटलं.
किंवा सुट्टीवर आले की तेही
तोंड वाकडं न करता प्यायचे.

कबरस्तानच्या भिंतीशी
मी गाडीत बसून राहिले, एसी चालू.
बायकांनी इथपर्यंतच.
फोन काचेला धरलेला, त्यात आय,
ओट्यावर, डोक्यावरचा पदर घट्ट ओढून.
जमीन अशी की खड्डा सकाळीच
जेसीबीनं घेऊन ठेवलेला.
माणसांनी मूठमूठ टाकली, ती माती कसली,
गारगोट्याच. काचेआडूनही वाजल्या.

नाव लिहीत नाहीत इथं.
पुरुषाला दोन दगड, बाईला तीन.
तिसरा कशाला, मी लहानपणी विचारलेलं.
बाबा म्हणाले,
बायका उठून पुन्हा कामाला लागतात,
म्हणून एक जास्त.
आय हसली होती. मग म्हणाली, हसू नये.

तेवढ्यात मागच्या फाटकातून
निळा टँकर रिव्हर्समध्ये आला,
टूं टूं करत, नमाजी बाजूला होत.
मुराद बलुची चालवत होता.
बाबा निवृत्त झाल्यावर त्यालाच दिलेला.
अरबी अक्षरं उडालीत, पाण्याचा थेंब
चितारलेला तेवढा शाबूत.
आणि मागच्या तोटीला, गळती थांबवायला,
तीच चिंधी.
अंजिरी. आयच्या पातळाची.
किती पावसाळे झाले तिला,
पण इथं पावसाळा कुठला.

मुरादनं गाठ सोडली.
पाइप धरायला मुनाफ पुढे झाला,
दोह्याच्या ऑफिसातले बूट घालून,
डोक्याकडून पायांकडे, सावकाश,
बाबा फुलझाडाला घालायचे तसं.
गारगोट्यांचा रंग गडद होत गेला.
मुरादनं चिंधी कबरीवरच पिळली
आणि खिशात टाकली.

फोनवरचं चित्र मघाशीच गोठलेलं.
आयचा एक डोळा अर्धा मिटलेला.
आवाज मात्र जात होता तिकडे.
मी काच खाली केली होती ना.

"नल कोनी उघडा ठेवलान गो?" आय म्हणाली.
"बंद कर आधी. तुजे बाबा वरडतील."

करते, म्हटलं.
टँकर रिकामा होईस्तोवर
दोघी ऐकत राहिलो.